समुद्र न ओलांडलेले जीव

चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी या पट्ट्यात दगडी कोळशाच्या थरांना लागून करड्या रंगाचा, पापुद्र्यांनी सुटणारा दगड असतो. त्याचा एखादा पापुद्रा अलगद उचकटला की कधीकधी आत पान दिसते. लांबट, जिभेच्या आकाराचे, मधोमध ठळक शीर आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक शिरांची जाळी. हे ग्लॉसोप्टेरिस. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ही झाडे वाढू लागली, दलदलीच्या प्रदेशांत त्यांची अरण्ये माजली आणि २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारात ती संपली. विदर्भातल्या वीजकेंद्रांत आज जळणारा कोळसा बराचसा याच अरण्यांचा आहे.

हेच पान आणखी कुठेकुठे सापडते ते पाहू लागले की मन थबकते. राणीगंज आणि झरियाच्या खाणींत ते आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तरेला आहे. दक्षिण आफ्रिकेत, मादागास्करमध्ये, ब्राझील आणि अर्जेंटिनात, फॉकलंड बेटांवर आहे आणि अंटार्क्टिकात बर्फातून वर आलेल्या डोंगरांतही आहे. युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्या कोळशात मात्र त्याचा पत्ता नाही. तिथली झाडे निराळी. एकाच प्रकारच्या अरण्याचे तुकडे आज एकमेकांपासून हजारो किलोमीटरांवर, मध्ये महासागर ठेवून पडले आहेत. ते तसे का पडले याचे उत्तर ठरायला माणसाला जवळजवळ दीड शतक लागले.

या पानांना नाव दिले पॅरिसच्या आदोल्फ ब्राँन्यार यांनी, १८२८ साली. त्यांच्यापुढे दोन ठिकाणचे नमुने होते, एक भारतातला आणि एक ऑस्ट्रेलियातला. त्यांनी दोन्ही एकाच जातीत घातले, फक्त भारतीय आणि ऑस्ट्रेलियन असे दोन उपप्रकार केले. ही जुळणी किती विलक्षण आहे, याची त्या काळी कुणाला फारशी टोचणी लागली नाही. जगाचे भूशास्त्रीय नकाशेच अजून तयार व्हायचे होते.

नागपुरात १८४५ पासून स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी राहत होते. हिस्लॉप कॉलेजमुळे त्यांचे नाव आजही नागपूरकरांच्या तोंडी आहे, पण भूशास्त्राला त्यांनी काय दिले हे फार थोड्यांना माहीत असते. शाळा आणि धर्मप्रचार सांभाळून ते सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर कामठीच्या वालुकाश्मातून, आसपासच्या टेकड्यांतून जीवाश्म वेचत आणि लंडनला पाठवत. त्यांनी धाडलेल्या वनस्पतींचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. ग्लॉसोप्टेरिसची पाने त्यात होतीच. वरोऱ्याकडच्या मांगली गावातून मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी तर रिचर्ड ओवेन यांच्यासारख्या मातब्बर शरीररचनातज्ज्ञाकडे गेली. १८६३ च्या पावसाळ्यात, टाकळघाट गावातले काम आटोपून परतताना, हिस्लॉप पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले. वय अवघे ४५.

पुढे सरकारी भूशास्त्रीय सर्वेक्षणाने मध्य भारतातले हे कोळशाचे खडक पद्धतशीर तपासले. चांदा (आजचे चंद्रपूर), देवगड, गढा-मंडला या गोंड राज्यांच्या मुलखात ते पसरलेले, म्हणून हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये त्यांना ‘गोंडवन’ म्हटले आणि ओटो फाइस्टमांटेल यांच्या लेखनातून १८७६ मध्ये हे नाव छापून आले. व्हिएन्नाच्या एदुआर्द झ्यूस यांनी १८८५ मध्ये ते उचलले आणि थेट एका खंडाला दिले. आफ्रिका, मादागास्कर आणि भारताचे द्वीपकल्प ही एकेकाळी सलग भूमी होती, असे त्यांचे म्हणणे. तिचे नाव गोंडवनभूमी. चांद्याच्या गोंड राजांचा मुलूख असा जगाच्या नकाशावर गेला. मात्र मधली जमीन कुठे गेली, या प्रश्नाला झ्यूस यांचे उत्तर होते: ती खचली, समुद्राच्या तळाशी गेली.

जीवाश्मांच्या गोष्टीत इथे एक दगड आणायलाच हवा, कारण त्याच्यावाचून पानांचा अर्थ लागत नाही. चंद्रपूरजवळ इरई गावी पैनगंगा चुनखडीचा एक सपाट पृष्ठभाग आहे. त्यावर समांतर ओरखडे आहेत आणि वर लहानमोठ्या गोट्यांनी भरलेला गाळ बसला आहे. भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये हे ओरखडे पाहिले आणि ते बर्फाने काढलेले आहेत हे ओळखले. हिमनदी सरकते तेव्हा तिच्या पोटाशी अडकलेले दगड खालचा खडक असेच कोरत नेतात. ओडिशातल्या तालचेरच्या गोट्यांचा थर बर्फाने आणला असावा, असे त्याच सर्वेक्षणातल्या ब्लॅनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५६ मध्येच म्हटले होते, तेव्हा त्यावर विश्वास ठेवणे जड गेले होते. इरईच्या ओरखड्यांनी ती शंका पुष्कळशी मिटवली. ज्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तिथे कधीकाळी हिमनदी वाहत होती.

आणि हा हिमगाळ जिथे जिथे आहे तिथे त्याच्या लगेच वर ग्लॉसोप्टेरिसची पाने येतात. भारतात तसे, दक्षिण आफ्रिकेत तसे, ब्राझीलमध्ये तसे, ऑस्ट्रेलियातही तसेच. आधी बर्फ, मग ही पाने आणि कोळसा, मग लाल-हिरवट मातकट खडक, कितीतरी नंतर लाव्हा. एकच पुस्तक चार ठिकाणी त्याच क्रमाने वाचायला मिळावे, असा हा प्रकार. ब्राझील आणि उरुग्वेतल्या ओरखड्यांची दिशा पाहिली तर बर्फ पूर्वेकडून, म्हणजे आज जिथे अटलांटिक महासागर आहे तिकडून, जमिनीवर चढलेला दिसतो. समुद्रातून हिमनदी जमिनीवर चढत नाही. पूर्वेला तेव्हा जमीनच असली पाहिजे.

लोकप्रिय पुस्तकांत एक युक्तिवाद नेहमी येतो: ग्लॉसोप्टेरिसची बी जड होती, वाऱ्याने समुद्रापार जाऊ शकत नव्हती, म्हणून खंड जोडलेले असले पाहिजेत. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. त्या बिया पुष्कळदा काही मिलिमीटरच्याच होत्या आणि भूखंडवहनाच्या, म्हणजे खंड सरकतात या कल्पनेच्या, विरोधकांनी नेमके यावरच बोट ठेवले होते. एखाद्या बीने कोट्यवधी वर्षांत एकदा समुद्र ओलांडला असता, तर ते अशक्य म्हणता आले नसते. पण इथे प्रश्न एका झाडाचा नव्हताच. ग्लॉसोप्टेरिसबरोबर गँगामोप्टेरिस येते, शिझोन्यूरा येते, फायलोथेका येते. संपूर्ण अरण्यच्या अरण्य, तेही त्याच हिमगाळावर आणि त्याच क्रमाने. सगळी वनस्पतिसृष्टी वाऱ्याने उचलून पाच ठिकाणी तशीच्या तशी मांडली, असे कुणी म्हणू शकत नाही. या पुराव्याचे खरे बळ बियांच्या वजनात शोधण्यापेक्षा या एकत्र येण्यात शोधावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक तज्ज्ञ झ्यूस यांच्याच वाटेने जात होते. दोन खंडांवर सारखे जीवाश्म सापडले की मध्ये जमिनीचा पूल कल्पायचा आणि गरज संपली की तो समुद्रात बुडवायचा. ब्राझील ते आफ्रिका पूल, आफ्रिका ते भारत पूल, भारत ते ऑस्ट्रेलिया पूल. पुलांचे तपशीलवार नकाशे निघाले. पूल मानणारे लोक आपल्या क्षेत्रातले उत्तम अभ्यासक होते आणि त्यांचे जीवाश्मांचे वाचन बहुतांशी बरोबर होते. चूक होती ती खालच्या जमिनीच्या समजुतीत.

ती समजूत मोडायचे साधन पुन्हा भारतातूनच आले होते. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कल्याणपूर आणि उत्तरेचे कल्याणा या दोन ठाण्यांमधले अंतर दोन पद्धतींनी काढले, तेव्हा पाच विकलांहून थोडी अधिक तफावत आली. हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबा तिकडे झुकतो हे कारण उघड होते. पण कलकत्त्याच्या जॉन प्रॅट यांनी गणित केले तेव्हा हिमालय आपल्या आकारमानाच्या मानाने ओळंब्याला फारच कमी ओढतो असे निघाले. १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी त्याचा अर्थ लावला: पर्वताखाली हलक्या खडकाची खोल मुळे आहेत आणि तो जड थरावर तरंगतो आहे. यालाच भूसंतुलन म्हणतात. खंड हलक्या खडकाचे, महासागरांचा तळ जड खडकाचा. मग हजारो किलोमीटर लांबीचा, खंडासारख्या हलक्या खडकाचा पूल पाच किलोमीटर खोल समुद्रात बुडेल कसा? आणि तिथेच राहील कसा? बुडवणे हे हलवण्यापेक्षा जास्त अवघड होते, पण ते कुणाला तसे वाटत नव्हते.

ज्यांना वाटले ते आल्फ्रेड वेगेनर भूशास्त्रज्ञ नव्हतेच. ते हवामानशास्त्रज्ञ, मार्बुर्ग विद्यापीठात शिकवत. १९१० च्या अखेरीस एका नव्या नकाशासंग्रहात त्यांना आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे जुळताना दिसले. पण नुसत्या किनाऱ्यांवर त्यांनी भिस्त ठेवली नाही. १९११ च्या शरद ऋतूत ब्राझील आणि आफ्रिका यांच्यातल्या जीवाश्मांच्या साम्याचा एक आढावा त्यांच्या हाती पडला आणि त्यानंतर ते गप्प बसू शकले नाहीत. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रांकफुर्टमध्ये त्यांनी भूशास्त्रज्ञांपुढे व्याख्यान दिले, १९१५ मध्ये पुस्तक काढले आणि ते पुन्हा पुन्हा वाढवत नेले. फाटलेल्या वर्तमानपत्राचा दृष्टान्त त्यांचाच: तुकड्यांच्या कडा जुळवायच्या आणि मग छापलेल्या ओळी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरळ जातात का ते पाहायचे. ओळी जुळल्या तर हे तुकडे एकाच पानाचे.

जीवाश्मांच्या बाबतीत वेगेनर यांनी केलेली एक गोष्ट मला फार आवडते. पूल मानणाऱ्या तज्ज्ञांचीच मते त्यांनी एका जुन्या संकलनातून घेतली. कोणत्या कालखंडात कोणता पूल अस्तित्वात होता, याला किती तज्ज्ञ होकार देतात, किती नकार, याचा आलेख काढला. ब्राझील-आफ्रिका पुलाला एका काळापर्यंत बहुमताने होकार होता, आणि क्रिटेशस कालखंडात तो नकाराकडे वळत होता. विरोधकांच्याच साक्षींतून, पूल कधी बुडाला याऐवजी महासागर कधी उघडला याचा दिनांक निघाला. अभ्यासकांची निरीक्षणे तशीच ठेवून त्यांचा निष्कर्ष फक्त बदलला.

पुलांच्या कल्पनेला सर्वांत अडचणीत टाकणारा प्राणी म्हणजे मेसोसॉरस. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा हा छोटा, लांब शेपटीचा सरीसृप उथळ, खाऱ्या पाण्यात राहत असे. त्याच्या जबड्यात बारीक सुयांसारख्या दातांची रांग होती आणि कवचधारी छोटे जीव हे त्याचे भक्ष्य असावे. पहिला नमुना दक्षिण आफ्रिकेत एका ग्रिक्वा माणसाच्या झोपडीत, भांड्यावरचे झाकण म्हणून वापरात होता असे सांगतात. पॅरिसच्या पॉल जेर्वे यांनी १८६० च्या दशकात त्याचे वर्णन केले. पुढे अगदी तसेच सांगाडे ब्राझील आणि उरुग्वेत निघाले. आफ्रिकेच्या दक्षिणेत आणि दक्षिण अमेरिकेच्या त्याच पट्ट्यात तो आहे, जगात आणखी कुठेही नाही. दोन्हीकडे तो काळ्या, तेलकट चिखलाच्या खडकात आहे आणि दोन्हीकडे तेच कवचधारी त्याच्या सोबतीला आहेत.

आता याला पूल कसला द्यायचा? मेसोसॉरस पोहत होता, पण सहा हजार किलोमीटरचा खुला अटलांटिक पोहून जाणे त्याच्या अंगात नव्हते, आणि तसे जमले असते तर तो इतर किनाऱ्यांवरही पसरला असता. कोरड्या जमिनीचा पूलही त्याच्या कामाचा नाही, कारण तो पाण्यातला प्राणी. त्याला दोन्ही खंडांवर पसरलेले एकच खारे सरोवर लागते. म्हणजे झाडांसाठी दलदल, सरोवरांतल्या प्राण्यांसाठी पाणी, जमिनीवरच्यांसाठी कोरडा रस्ता, हे सगळे एकाच पुलावर. अशा सगळ्या सोयी असलेल्या पुलाला खंडच म्हणावे लागते.

वेगेनर फ्रांकफुर्टमध्ये बोलले त्याच्या बरोबर ११ दिवसांनी, १७ जानेवारी १९१२ रोजी, रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे चार साथीदार दक्षिण ध्रुवावर पोहोचले. आमुंडसेन आधीच येऊन गेले होते. परतीच्या वाटेवर, अन्न आणि इंधन संपत आलेले असताना, ८ फेब्रुवारीला बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्याशी माउंट बकलीजवळ त्यांनी थांबून दगड गोळा केले. एडवर्ड विल्सन यांना तिथल्या कोळशाच्या थरांत पानांचे ठसे दिसले होते. मेरी स्टोप्स या पुढे संततिनियमनाच्या कार्यामुळे जगभर गाजल्या, पण तेव्हा त्या वनस्पतींच्या जीवाश्मांच्या अभ्यासक होत्या आणि अंटार्क्टिकातून असे जीवाश्म आणावेत असा त्यांचा स्कॉट यांच्याकडे आग्रह होता. पुढे एकेक जण मरत गेला. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू सापडला तेव्हा तीन प्रेतांजवळ सुमारे १६ किलो दगड होते. स्लेज हलकी करण्यासाठी बाकी पुष्कळ काही टाकले गेले होते, दगड टाकले नव्हते. केंब्रिजच्या आल्बर्ट स्यूअर्ड यांनी १९१४ मध्ये त्यातली पाने ओळखली: ग्लॉसोप्टेरिस इंडिका. भारतीय कोळशातल्या पानांवरून ज्या जातीला नाव मिळाले, तीच जात ध्रुवाच्या वाटेवर.

इथे एक गैरसमज नेहमी होतो, म्हणून सांगतो. अंटार्क्टिकात पाने मिळाली याचा अर्थ तो खंड तेव्हा विषुववृत्तावर होता असा नाही. तो तेव्हाही ध्रुवाकडेच होता. अंटार्क्टिकातल्या त्या काळच्या लाकडांत ठळक वाढवलये दिसतात, म्हणजे झाडे उन्हाळ्यात झपाट्याने वाढत आणि महिनोनमहिने चालणाऱ्या अंधारात थांबून राहत. पानांचे थरच्या थर एकावर एक पडलेले मिळतात, ते पानगळीमुळे. ग्लॉसोप्टेरिस हे थंड, ओलसर प्रदेशाचे झाड. विदर्भातला दगडी कोळसा अशा हवेत तयार झाला, हे त्या पानांतून कळते. हललेली जमीन आपली आहे.

वेगेनर यांच्या कल्पनेला सर्वांत कडवा विरोध अमेरिकेत झाला. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या चर्चासत्रात बहुतेकांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. खंड हलवणारे बळ वेगेनर दाखवू शकले नाहीत. त्यांनी सुचवलेली बळे फारच दुबळी होती, आणि हा आक्षेप न्याय्य होता. नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर, सहकाऱ्यांना सामान पोहोचवून परतताना ते वारले.

ज्यांच्या पायाखाली गोंडवनाचे खडक होते ते मात्र ऐकत होते. दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर ड्यू टॉइट यांनी आयुष्य आपल्या कारू प्रदेशाचे नकाशे काढण्यात घालवले होते. १९२३ मध्ये ते ब्राझील, उरुग्वे आणि अर्जेंटिनात गेले आणि घरचेच खडक पाहावेत तसे थर एकामागून एक ओळखत गेले. १९३७ च्या पुस्तकात त्यांनी भूखंडवहनाची बाजू वेगेनर यांच्यापेक्षाही भक्कमपणे मांडली. लखनौला बिरबल साहनी होते. ते केंब्रिजला स्यूअर्ड यांच्याच हाताखाली शिकले होते आणि भारतातल्या गोंडवन वनस्पतींची पुनर्तपासणी दोघांनी मिळून १९२० मध्ये प्रसिद्ध केली होती. साहनींनी १९३० च्या दशकात एक वेगळाच मुद्दा पुढे आणला, आणि मला तो साम्याच्या पुराव्याइतकाच तोलामोलाचा वाटतो. ग्लॉसोप्टेरिसच्याच काळात चीन आणि सुमात्रा भागात अगदी निराळी, उष्ण प्रदेशातली वनस्पतिसृष्टी होती. आज भारताची पूर्व सीमा आणि तो प्रदेश शेजारी आहेत, मध्ये महासागरही नाही. तरी दोन्ही अरण्ये एकमेकांत मिसळलेली नाहीत. खंड जागचे हलले नसतील तर हे शेजार समजत नाही. तेव्हा त्या दोन भूमींमध्ये मोठा समुद्र होता आणि त्या नंतर जवळ आल्या, हे मानले की समजते. दूरच्या भूमींतले साम्य आणि शेजारच्या भूमींतला भेद, दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

विरोधकांतले सर्वांत बुद्धिमान होते जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन, सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांचे मोठे अभ्यासक. १९४३ मध्ये त्यांनी दाखवले की निरनिराळ्या खंडांवरचे सस्तन प्राणी समजून घ्यायला हलत्या खंडांची गरज नाही. क्वचित एखादा प्राणी तरंगत्या ओंडक्यांवरून समुद्र पार करतो, एवढ्यावर भागते. आपल्या पुराव्यापुरते ते बरोबर होते. सस्तन प्राण्यांचा बहर आला तोवर गोंडवन फुटून गेले होते, त्या प्राण्यांना जुन्या जोडणीची साक्ष देताच येत नव्हती. चुकीच्या काळाच्या साक्षीदाराला विचारून त्यांनी जुन्या काळाचा निकाल दिला.

गाडे शेवटी जीवाश्मांनी हलवले नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९५० च्या दशकात खडकांतल्या चुंबकत्वाचा अभ्यास सुरू झाला. पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीच्या बेसाल्टचे नमुने मोजले, तेव्हा दख्खनचा लाव्हा ओतला गेला त्या वेळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता असे १९५६ मध्ये जाहीर झाले. मग हॅरी हेस यांनी सागरतळ पसरतो ही कल्पना मांडली, १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सागरतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला, आणि दशक संपेपर्यंत भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला. हलवणारे यंत्र सापडले आणि जुन्या पानांकडे, सांगाड्यांकडे लोक पुन्हा वळले.

तेव्हाच अंटार्क्टिकाने लिस्ट्रोसॉरस दिला. डुकराएवढा, आखूड पायांचा, चोचीसारख्या तोंडातून दोन सुळे बाहेर आलेला हा प्राणी २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारातून वाचला आणि नंतर अमाप वाढला. दक्षिण आफ्रिकेच्या कारूत त्याची हाडे ढिगांनी मिळतात. बंगालात दामोदर खोऱ्यातल्या पंचेत खडकांतली त्याची हाडे थॉमस हक्सली यांनी १८६५ मध्येच वर्णिली होती. डिसेंबर १९६९ मध्ये अंटार्क्टिकातल्या कोलसॅक ब्लफ इथे जीवाश्मतज्ज्ञ एडविन कोल्बर्ट यांनी त्याला ओळखले. कोल्बर्ट स्वतः पूर्वी भूखंडवहनाच्या बाजूचे नव्हते. पान वाऱ्याने गेले असे म्हणता येईल. हा जडशीळ, जमिनीवरचा प्राणी दक्षिण महासागर ओलांडून ध्रुवावर गेला असे कुणाला म्हणवेना. शालेय नकाशांत लिस्ट्रोसॉरसचा पट्टा फक्त आफ्रिका, भारत आणि अंटार्क्टिका असा रंगवतात. तो चीन आणि रशियातही सापडला आहे. त्याने पुरावा कमजोर होत नाही. त्या काळी उत्तरेकडची भूमीही जोडलेली होती, सगळे खंड मिळून एकच पँजिया होता, हे त्यातून दिसते.

जोडणी तुटल्यानंतरचे जीवाश्म तितकेच बोलके आहेत. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियापासून सुटला, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करही मागे राहिले, आणि तो एकटा उत्तरेकडे निघाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांना एका प्रचंड शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. १९९७ मध्ये त्याच्या जातीला कोल्बर्ट यांचे नाव दिले. आज तो आयसिसॉरस कोल्बर्टी म्हणून ओळखला जातो. गुजरातेत राहिओलीला मिळालेला मांसाहारी राजासॉरस २००३ मध्ये जाहीर झाला. त्याचा जवळचा नातेवाईक मादागास्करचा माजुंगासॉरस आहे. तेलंगणात नस्कल इथे लाव्हाच्या थरांमधल्या गाळात भारतथेरियम या छोट्या सस्तन प्राण्याचे दात निघाले. त्याच्या गणाचे प्राणी अर्जेंटिना आणि मादागास्करमध्येही आहेत. ही सगळी दक्षिणेची नाती.

पण त्याच नस्कलमध्ये डेक्कनोलेस्टीस नावाचा चिचुंद्रीएवढा प्राणी आहे आणि त्याची नाती उत्तरेकडच्या प्राण्यांशी लागतात. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत पाच कोटींहून थोड्या अधिक वर्षांपूर्वीच्या डिंकाचे खडे आहेत, त्यांत अडकलेले कीटक आहेत. भारत इतका काळ एकटा होता तर इथले कीटक जगावेगळे असायला हवे होते. २०१० मध्ये झालेल्या अभ्यासात त्यांचे सोयरे युरोप, आशिया आणि अमेरिकेत निघाले. म्हणजे आशियाशी पूर्ण टक्कर होण्याआधीच प्राणी आणि कीटक ये-जा करत होते. कशावरून? आज मान्य होत असलेले एक उत्तर असे, की भारताच्या उत्तरेला टेथिस समुद्रात ज्वालामुखी बेटांची एक रांग होती, आणि त्या टापूंवरून टप्प्याटप्प्याने जीव सरकत आले. एकेकाळी महासागरात बुडवलेल्या त्या कल्पित पुलांसारखेच हे ऐकू येईल. फरक एवढाच की या बेटांचे खडक हाती आहेत. भारत आशियाला भिडला तेव्हा ते मध्ये चिरडले गेले, आणि लडाखमध्ये द्रास आणि कारगिलच्या आसपासच्या डोंगरांत तो ज्वालामुखी खडक आजही हाताने फोडता येतो.